सावकाशरावांचा जबाब

डेपोत त्यांना तोंडावर सगळे नाना म्हणत आणि पाठ वळली की सावकाशराव. नानांना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा रागही नव्हता. बस चालवणाऱ्या माणसाला लोक काय काय म्हणतात ते ऐकलंत तर सावकाशराव म्हणजे सत्कारच समजायचा. उभी हयात त्यांनी माणसं इथून तिथं नेली, आणि त्यात ना कुणाला धक्का लावला ना गाडीला ओरखडा. मागचा हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला येवो, नाना आपल्या चालीनं. ‘पोचायचंय ना? मग पोचू,’ एवढंच म्हणायचे.

अशा माणसाला एका खेळानं लबाड ठरवून हाकलून दिलं, त्याची ही गोष्ट. खेळ म्हणजे कम्प्युटरवरचा. बंदुका, धूर, चिलखती गाड्या असलेला. साठीला टेकलेला माणूस असले खेळ खेळतो यावर ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

खेळाची सुरुवात लेकीमुळे झाली. एकुलती एक लेक, लांबच्या शहरात इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी. फोनवर बापलेकीचं बोलणं कसं, तर ‘जेवलात?’ ‘जेवलो. तू?’ ‘जेवले.’ ‘बरं.’ ‘बरं.’ दोघांचा एकमेकांवर जीव, पण बोलायचं म्हटलं की दोघांचीही दातखीळ बसायची. शेवटी एकदा सुट्टीवर आली असताना तिनं आपला जुना कम्प्युटर खिडकीजवळच्या टेबलावर मांडला, बापाच्या कानांवर हेडफोन चढवला आणि खेळातल्या चिलखती गाडीचं चाक त्यांच्या हाती दिलं. गाडी चालवायची म्हटल्यावर नाना खुलले. पाच जणांचा संघ होता. लेक म्होरकी, तिचे तीन मित्र, आणि गाडीवर नाना. वरून तोफगोळे पडताहेत आणि नाना वळणावर इंडिकेटर शोधताहेत. मित्र हसून हसून लोळायचे. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की हा म्हातारा गाडी उलटवत नाही, भिंतीला घासत नाही, आणि सगळ्यांना धडधाकट पोचवतो. हसणं थांबलं. लेकीनं खेळात बापाचं नावच सावकाशराव ठेवून टाकलं.

दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की खेळ. आणि गंमत अशी, की ‘बाबा, उजवीकडून घ्या’ आणि ‘घेतो’ यांच्या मधल्या वेळात लेक काय वाटेल ते सांगून टाकायची. नवा साहेब खडूस आहे. घरमालकीण गरम पाण्यावरून रोज कुरकुरते. एक मुलगा आवडतो, पण तो जरा बावळट आहे. समोरासमोर बसून जे साता जन्मांत बोलणं झालं नसतं ते त्या गोळीबारात होत होतं. नानांना खेळाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना रविवारची ती दुपार हवी होती.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं, आणि डोळ्यांनी दगा दिला.

दिवसा काही नाही. दिवसा नाना लांबच्या गाडीचा नंबर वाचून दाखवतील. पण दिवेलागण झाली, की रस्त्याच्या कडा विरघळायला लागायच्या. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांत गेला, की तो गेल्यावरही बराच वेळ समोर नुसता काळोख. पहिल्यांदा वाटलं काच मळली असेल. काच पुसली. मग वाटलं हेडलाइट कमी आहेत. ते बदलून घेतले. मग मात्र बदलायला काही उरलं नाही.

डेपोत दरवर्षी डोळ्यांची तपासणी व्हायची. पण ती कशी, तर भर दुपारी खिडकीपाशी उभं करायचं आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. नाना ती शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायचे. अंधार तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आणि नानांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही. सांगितलं की चाक गेलं. नियमच तसा होता आणि तो योग्यच होता, हे नाना स्वतःही कबूल करायचे, दुसऱ्या ड्रायव्हरबद्दल बोलणं चाललेलं असलं की. स्वतःवर आलं की आपण सगळेच वकील होतो. दिवाळं निघालेला दुकानदार दुसरं दुकान टाकतो, पण ड्रायव्हरच्या हातातलं चाक एकदा गेलं की तो माणूस घरात कुठं बसावं हेही विसरतो. नानांनी आपल्याबरोबरचे दोघं तसे बसलेले पाहिले होते.

मग संध्याकाळची पाळी निभत कशी होती? तर कंडक्टरबाईमुळे. तिची जागा मागच्या दाराशी. पण गेल्या हिवाळ्यापासून दिवे लागले की ती तिकिटं आटपून पुढं यायची आणि दांडा धरून नानांच्या खांद्याशी उभी राहायची. आणि बोलता बोलता, म्हणजे अगदी सहज, ‘नाना, पुढं सायकलवाला आहे बघा, मेल्याच्या मागं दिवा नाही.’ किंवा, ‘नाना, स्टॉपवर दोघं उभे आहेत हां.’ नानांनी तिला कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर पावसाळा संपता संपता खेळात एक नवा नकाशा आला. रात्रीचा. काळंभोर रान, मधून वळणावळणाची वाट, बाजूनं कालवा. पहिल्याच रविवारी नानांनी चिलखती गाडी पाच जणांसकट कालव्यात घातली. पुढच्या रविवारी पुन्हा. मित्र हसले असते तर बरं झालं असतं. ते गप्प बसले. लेक म्हणाली, “होतं बाबा असं, नवा रस्ता आहे.” आणि मग हळूच, “पुढच्या वेळी तुम्ही मागं बसता का? गाडी यांच्यातला कुणीतरी घेईल.”

मागं बसता का. नानांना ते इतकं लागलं की रात्री ते अर्ध्या ताटावरून उठले. बायकोनं विचारलं तर म्हणाले, दाढ दुखतेय.

दुसऱ्या दिवशी ते कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात गेले. दुकानवाला चांगला माणूस होता, फक्त त्याची जीभ डोक्याच्या पुढं धावायची. नाना म्हणाले, “त्या खेळातले रंग जरा उठून दिसतील असं काही आहे का?”

“आहे की. पण कशाला हवंय?”

आता इथं नानांनी सांगायला हवं होतं की बाबा रे, मला अंधारात दिसत नाही. गाठ सोडवणाऱ्यापासूनच गाठ लपवायची हा कुठला शहाणपणा? पण नाना म्हणाले, “हौस.”

हौस म्हटल्यावर दुकानवाल्यानं हौसेचा माल काढला. एक छोटा प्रोग्रॅम. खेळ सुरू झाला की हा त्याच्यावर बसतो, काळोखाचा भाग उजळ करतो, रंग गडद करतो, कडा ठसठशीत करतो. नाना जात्याच सावध. त्यांनी विचारलं, “यात काही भानगड नाही ना? खेळात पहारेकरी असतो म्हणे.”

पहारेकरी असतो हे खरं होतं. भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारे, नेम आपोआप लावून देणारे चोरटे प्रोग्रॅम लोक वापरतात, त्यांना पकडायला खेळाबरोबर एक प्रोग्रॅम सतत गस्त घालत असतो. सापडलात की खातं कायमचं बंद.

“अहो, तो चोरांसाठी,” दुकानवाला म्हणाला. “पडद्यावर बसणारे असले प्रोग्रॅम चिक्कार असतात. कुणी कोपऱ्यात वेग दाखवतं, कुणी मित्रांचे निरोप दाखवतं. सगळे सर्रास वापरतात, कोण विचारतंय? हे तुम्हाला भिंतीपलीकडचं थोडंच दाखवतंय? आहे तेच नीट दाखवतंय.”

नानांना पटलं. गाडी काढण्याआधी ड्रायव्हर काच पुसतो, त्यात लबाडी कसली? दुकानवाला जे म्हणाला त्यातलं अर्धं बरोबर होतं, आणि माणसाला खड्ड्यात घालायला अर्धं बरोबर असलेलं पुरतं.

पुढचे काही रविवार सोन्यासारखे गेले. त्या काळ्या रानातलं पान न् पान नानांना दिसायला लागलं. गाडी अशी नेली की मित्र म्हणाले, “सावकाशराव, काय खाऊन आलात?” लेकीच्या आवाजात अभिमान मावेना. नाना मात्र एकदा खेळता खेळता एकदम थबकले. पडद्यावर रात्र लख्ख दिसत होती, कडेचा दगड, ओणवा माणूस, सगळं. आणि त्यांच्या मनात आलं, की खऱ्या रस्त्यावरही हे सगळं असेलच की. आपल्याला ते दिसत नाही एवढंच. मग लेकीनं हाक मारली आणि त्यांनी तो विचार झटकून टाकला.

आणि मग तो रविवार. नाना पाणी पिऊन, चष्मा पुसून बसले, तर खेळाचं दारच उघडेना. पडद्यावर लाल चौकट. फसवणुकीचं साधन आढळल्यामुळे हे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. नानांनी ते दोनदा वाचलं. फसवणूक हा शब्द त्यांच्या नावापुढं आयुष्यात पहिल्यांदा आला होता.

हेडफोनमध्ये मित्र खिदळले. “घ्या. तुझे बाबा चीटर निघाले.”

“माझे बाबा?” लेक कडाडली. “रस्त्यावर चिटपाखरू नसताना सिग्नलला थांबणारा माणूस आहे तो. तुम्ही तिघं मिळून जेवढं खरं बोलता ना, तेवढं ते झोपेत बोलतात.” मित्रांना तिनं घालवून दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “बाबा, तुम्ही काही नवीन लावलं होतं का कम्प्युटरवर?”

“नाही,” नाना म्हणाले.

एवढासा शब्द. तोंडातून गेला.

“मला माहीतच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात मेले. थांबा, मी त्यांना आत्ता लिहिते. तक्रार करता येते. लिहिते की, माझ्या वडिलांनी कुठलंही साधन वापरलेलं नाही, याची मी माझ्या नावानिशी हमी देते.” आणि तिची बोटं कळफलकावर टकटक चालायला लागली.

आता डेपोतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीला काहीही झालं, नुसता आरसा जरी निखळला, तरी ड्रायव्हरला जबाब द्यावा लागतो. उभं राहून. नाव, पाळी, हवा, रस्ता, उतारू, काय झालं, का झालं, याच क्रमानं. अपघात माफ होतो, खोटा जबाब माफ होत नाही. आणि खोट्या जबाबावर ज्यानं सही केली त्याची मान अडकते, मग चूक कुणाचीही असो. नानांना स्वतःसाठी जबाब द्यायची वेळ कधी आली नव्हती, पण दुसऱ्यांच्या वेळी साक्षीला ते कितीदा तरी उभे राहिले होते. आणि इथं त्यांची लेक, त्यांच्या एका ‘नाही’वर विसंबून, खोट्या जबाबावर आपलं नाव घालत होती.

“थांब,” नाना म्हणाले. “खोडून टाक ते. जबाब मी देतो, तू लिहून घे.” आणि ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. तिला ते दिसत नव्हतं, तरी उभे राहिले.

“ड्रायव्हरचं नाव, सावकाशराव. पाळी, रविवार दुपार. हवा स्वच्छ. रस्ता कोरडा. गाडीत चार उतारू, कुणालाही इजा नाही.”

“बाबा, हे काय सांगताय? ती खेळाची कंपनी आहे.”

“जबाब असाच असतो. लिही. ड्रायव्हरनं चित्र उजळ करणारा प्रोग्रॅम लावला होता. स्वतः होऊन लावला, गाडीतल्या कुणालाही कल्पना नव्हती.”

टकटक थांबली. मग लेक म्हणाली, “आत्ता तर नाही म्हणालात.”

“खोटं बोललो.”

“का लावला?”

नानांनी मनात हिशेब केला. खेळ जिंकायची हाव सुटली म्हणावं, लेक रागावेल आणि विसरेल. लबाड म्हणवून घेतलं की चाक वाचत होतं. डोळे अधू म्हटलं की चाक जात होतं. दोन्ही त्यांना लख्ख दिसत होतं. पण जबाबात कारणाची ओळ खोटी भरायची नसते हे हाडीमासी मुरलेलं, त्याला काय करणार?

“कारण,” नाना म्हणाले, “ड्रायव्हरला दिवे लागल्यावर दिसत नाही.”

“खेळात?”

“खेळात.”

“फक्त खेळात, बाबा?”

नाना हेडफोनची वायर सरळ करत राहिले. लेक एक्स-रे काढणारी, न दिसणारं मोडलेलं हाड शोधायची तिला सवय.

“तुमची संध्याकाळची पाळी असते.”

“असते.”

“मग तिथं काय लावलंय?”

“तिथं काही लावता येत नाही,” नाना म्हणाले. “कंडक्टरबाई आहे.”

लेक रडायला लागली. मग रागावली. मग रडत रडत रागावली. म्हणाली, पडद्यावर वरून एखादी चौकट दाखवणं वेगळं आणि खेळाच्या पोटात शिरून चित्रच बदलणं वेगळं. हे तुमचं पोटात शिरणारं होतं. चोरही त्याच दारानं शिरतात, पहारेकऱ्याला काय कळणार कोण कशाला आलाय? आणि गरजच नव्हती हो. खेळातच अधू नजरेच्या लोकांसाठी सोय दिलेली आहे. नाहीतर पडद्याचं स्वतःचं बटण फिरवायचं, त्याला कुणी हरकत घेत नाही, खेळाला ते कळतसुद्धा नाही.

“मग त्या दुकानवाल्यानं हे का नाही सांगितलं?”

“तुम्ही त्याला काय सांगितलंत?”

“हौस.”

लेक थोडा वेळ नुसती नाक ओढत राहिली. “तुम्ही आम्हाला कालव्यात घातलंत बाबा, आम्ही उठून परत खेळलो,” ती म्हणाली. “तुमच्या गाडीतली माणसं उठणार नाहीत. उद्या कुठली पाळी आहे?”

“संध्याकाळची.”

“मी डेपोत फोन करणार नाही. तुम्हाला हात धरून थांबवायला मी तिथं नाही. तुमचं तुम्ही ठरवा.” आणि तिनं जबाब पाठवून दिला. हवा, रस्ता, उतारूंसकट, अक्षरही न बदलता.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. कंपनीचं उत्तर आलं होतं, दोन ओळींचं. वापरलेला प्रोग्रॅम खेळात हस्तक्षेप करतो, हेतू काहीही असो, खातं बंद राहील. नाना म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं.” लेकीनं पाळीबद्दल विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. डबा घेतला आणि डेपोत गेले.

पाळ्या लावणारा मास्तर त्यांच्याच बरोबरीचा. दोघं एकाच वर्षी चिकटलेले. नानांनी दार लोटून घेतलं आणि सांगून टाकलं. मास्तरनं मानसुद्धा वर केली नाही.

“एवढंच ना? उद्यापासून तुला दिवसपाळी. खरं तर हे आधीच करायला हवं होतं. पण तोंडातून अवाक्षर काढू नकोस. एकदा कागदावर गेलं की मेडिकल लागेल, आणि मेडिकल लागलं की संपलं.”

“आणि आज?”

“आजची तेवढी काढ, आता माणूस कुठून आणू? बाई आहेच की पुढं उभी.”

“तुला ठाऊक होतं?”

“अख्ख्या डेपोला ठाऊक आहे, नाना. पण तुझ्यासारख्या माणसाबद्दल कोण तोंड उघडणार?”

नानांना भरून आलं. माणसाला कितीही लाज वाटली तरी आपल्यावर लोकांची माया आहे हे ऐकलं की बरं वाटतंच. मास्तरनं चहा मागवला. नाना बसले. दिवसपाळी. चाक राहणार, मान राहणार. आजची एकच संध्याकाळ. ती काय, रस्ता पाठ आहे, बाई आहे. लेकीला सांगता येईल की पाळी बदलून घेतली. आणि ते खोटंही नसेल. चहा संपेपर्यंत नानांनी गाडीची किल्ली उचलून खिशात टाकलेली होती.

बाहेर बाकावर कंडक्टरबाई तिकिटांचं यंत्र तपासत बसली होती. नाना तिच्या शेजारी टेकले. “उद्यापासून मला दिवसपाळी दिली.”

बाईनं असा सुस्कारा सोडला की जणू अंगावरचं ओझं उतरलं. “बरं झालं बाई. सुटले एकदाची. आता माझ्या मुलीला तरी ताटकळत बसायला नको.”

“कुणाला?”

“लेक हो माझी. संध्याकाळी शिकवणीहून येते ना.” बाईनं यंत्राचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

“शिकवणी कुठं तिची?”

बाईनं स्टॉपचं नाव सांगितलं. नानांच्या रस्त्यावरचा स्टॉप. रोज संध्याकाळी तिथं गाडी थांबायची. एवढ्या दिवसांत बाईची मुलगी एकदाही चढली नव्हती.

“आपलीच गाडी आहे की,” नाना म्हणाले. “मग ताटकळते कशाला?”

“नाना, सोडा ना.”

“नाही. सांग.”

बाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “मी तिला बजावून ठेवलंय. आपली गाडी आली तरी चढायचं नाही. मागची घ्यायची. तुमच्यावर जीव आहे हो माझा, भाऊ मानते तुम्हाला. पण पोटची पोर आहे.”

नाना रागावले. बाईवर नाही, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. आपली पोर मागच्या गाडीत आणि दुसऱ्यांची या गाडीत, आणि तीही रोज खच्चून भरलेली. ती पोरं कुणाची कुणी नव्हती? मास्तरला ठाऊक, बाईला ठाऊक, गाड्या धुणाऱ्यापासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांना ठाऊक. नानांचं मन दुखू नये म्हणून सगळ्यांनी मिळून संध्याकाळी गाडीभर माणसं त्यांच्या हाती दिली. त्या खेळाच्या पहारेकऱ्याला नाना कोण, कसे, किती वर्षांचे, काही म्हणता काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं सरळ बाहेर काढलं. आग लागो असल्या मायेला, असं म्हणावंसं वाटतं, पण म्हणवत नाही. कारण त्या मायेवर सगळ्यात जास्त कोण जगलं, तर नानाच.

“मी सांगितलं असतं,” बाई म्हणाली. “पण तुमचं चाक गेलं असतं.”

“गेलं असतं,” नाना म्हणाले आणि उठले.

ते परत आत गेले. किल्ली मास्तरच्या टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले. “आजची गाडी मी काढणार नाही. उद्याचीही नाही. मेडिकल लाव. आणि कारण लिही.”

“नाना, डोकं फिरलंय का? एकदा लिहिलं की पुसता येत नाही.”

“लिही.”

मास्तरनं लिहिलं. लिहिताना त्याचा हात चालत नव्हता, पण नाना पुढं पुढं सांगत गेले आणि त्याला लिहावंच लागलं. मग बदली ड्रायव्हर शोधायची पळापळ झाली. घरी निघालेल्या एकाला फाटकातून परत बोलावलं. गाडी उशिरानं सुटली, प्रवाशांनी डेपोच्या नावानं बोटं मोडली. नाना फाटकापाशी उभे राहून बघत होते. ऊन कलायला लागलं होतं, त्यांना अजून सगळं दिसत होतं.

त्यांनी लेकीला फोन लावला.

“सोडलं चाक,” ते म्हणाले.

लेक म्हणाली, “शनिवारी येते. आमच्या इस्पितळात डोळ्यांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं जाऊ. काय असेल ते असेल. परतताना तुम्हाला घेऊनच येते इकडं.”

“बाळ,” नाना म्हणाले. “बाई आपल्या मुलीला माझ्या गाडीत बसवत नव्हती गं.”

“बाबा, रडू नका.”

“रडत नाही,” नाना रडत म्हणाले. “आत्ता गाडी सुटताना तिनं मुलीला फोन केला. माझ्यासमोरच केला. म्हणाली, आज आपल्या गाडीत चढ.”